फ्लॅट फूट + टाचदुखी आणि ऑगस्टमध्ये सोरोरिटी रिक्रूटमेंट, ड्रेसी दिसतील पण पाय मोडणार नाहीत असे शूज कुठले?

सपाटपाय_बडोदा

नमस्कार सगळ्यांना, प्रश्न जरा विचित्र आहे आणि मोठा पण झालाय, आधीच सॉरी. मी बडोद्याची, आजी-आजोबा अजून दांडिया बाजारातच आहेत. अमेरिकेत साउथमधल्या एका युनिव्हर्सिटीत पहिलं वर्ष झालं, सध्या सुट्टीत घरी आलेय आणि 3 ऑगस्टला परत जातेय. गेल्या गेल्या पुढच्याच आठवड्यात तिकडे सोरोरिटी रिक्रूटमेंट असते, मागच्या वर्षी हिंमत झाली नाही, या वर्षी रूममेटबरोबर नाव नोंदवलंय.

आता पायांचं. दोन्ही पाय फ्लॅट, म्हणजे बाथरूममधून ओल्या पायाने बाहेर आले की लादीवर अख्खी भाकरी उमटते, मधली कमान वगैरे काही नाही. उजव्या अंगठ्याच्या बाजूचं हाड बाहेर आलंय, आजीचंही अगदी तस्संच आहे, ती म्हणते माझ्याकडून तुला आधी हे मिळालं, पाटल्या नंतर. आणि बारावीच्या वर्षी नवरात्रात नऊच्या नऊ रात्री गरबा केला, आपल्याकडे ग्राउंडवर अनवाणीच खेळतात ना, तेव्हापासून डावी टाच जी दुखायला लागली ती सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं खिळ्यावर ठेवल्यासारखी पडतात, मग हळूहळू बरं वाटतं. डॉक्टरांनी प्लांटर फॅसायटिस (तळव्याखालच्या पट्ट्याची सूज) सांगितलं आणि एमसीआरची, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल दिली. घरात ठीक आहे पण ड्रेसवर ती निळ्या पट्ट्याची चप्पल घालून कुठे जाऊ??

मागच्या आठवड्यात इथल्याच एका दुकानातून ब्लॉक हील घेतले, दुकानदार म्हणाला बेन एकदम सॉफ्ट छे. घरात 40 मिनिटं घातले आणि हाडापाशी लाल झालं, आत दाबलं तर अंगठा जातो इतका मऊ फोम, पण त्याने टाचेला काही फरक पडला नाही. आई म्हणते कोल्हापुरी घाल, इंडियन पण दिसेल आणि फ्लॅट पण आहे. बजेट 6-7 हजार, किंवा तिकडे गेल्यावर 80-90 डॉलरपर्यंत. कुणाला अनुभव आहे का, रिक्रूटमेंटचा किंवा पायाचा, कुठलाही चालेल.

निवृत्त_मकरपुरा

बेटा हे सोरोरिटी म्हणजे नेमकं काय, आपल्या गणेश मंडळासारखं का? आणि त्याला शूज कशाला लागतात.

सपाटपाय_बडोदा

काका थोडंसं तसंच पण फक्त मुलींचं. ग्रीक अक्षरांची नावं असतात, प्रत्येकीचं कॅम्पसवर एक मोठं घर असतं, त्यात राहता येतं, सोशल वर्क, पार्ट्या, मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळून घेतात. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स म्हणून त्यांची संघटना आहे, 1902 पासूनची, त्यात अशा वीसहून जास्त सोरोरिटी आहेत, आमच्या कॅम्पसवर त्यातल्या 11. आत जायचं तर चार-पाच दिवस प्रत्येक घरी जायचं, तिथल्या मुलींशी उभ्याने गप्पा मारायच्या, त्या रात्री आपली लिस्ट बनवतात आम्ही आमची, आणि कॉम्प्युटर जुळवतो.

निवृत्त_मकरपुरा

म्हणजे एका दिवसात अकरा घरी कांदेपोहे. आणि चालत. समजलं. आमच्या वेळी मुलगी एका घरी बघायला गेलो तरी माझा नवा बूट चावला होता, तिच्यापेक्षा माझं लक्ष बुटाकडे जास्त, तरी जमलं.

वाघोडिया_टू_टेनेसी

अगं मी केलंय हे! 2017 ला. आणि मलाही फ्लॅट फूट आहे म्हणून लॉगइन केलं मुद्दाम.

तू शूज एक जोडी म्हणून विचार करतेयस, तिथेच सगळ्यांची चूक होते, माझीही झाली. रिक्रूटमेंटमध्ये दोन वेगळी कामं असतात, एक म्हणजे घराघरांमधलं चालणं आणि दुसरं म्हणजे घराच्या आत उभं राहणं. चालणं जास्त असतं. ऑगस्टच्या उन्हात, फुटपाथ तापलेला, अर्धा वेळ तुम्ही घराबाहेर रांगेत उभ्या, आतल्या मुली दार उघडून गाणं म्हणत टाळ्या वाजवत बाहेर येईपर्यंत. आत गेलं की वीस मिनिटं-अर्धा तास, तेही पहिल्या दिवशी बहुतेक उभ्यानेच, कारण एक मुलगी बोलते मग दुसरी तुला तिच्याकडून घेते. माझ्या घड्याळात पहिल्या दिवशी 14 हजार पावलं झाली होती, आणि मी नव्या कोऱ्या वेज हीलमध्ये. दुपारी तिसऱ्या घरानंतर मी बाथरूममध्ये पाय सिंकमध्ये घालून उभी होते, खोटं नाही सांगत.

म्हणून सगळ्या जणी एक मोठी बॅग नेतात. त्यात स्नीकर किंवा चप्पल, पाणी, हातपंखा, बँड-एड, डिओ, छत्री. चालायचं स्नीकरमध्ये, घराच्या शंभर पावलं आधी थांबून शूज बदलायचे, बॅग बाहेर हिरवळीवर ठेवायची, तिथे ढीग पडलेला असतो बॅगांचा, कुणी काही म्हणत नाही. ज्या रिक्रूटमेंट काउन्सिलर असतात, म्हणजे ज्या मुली तेवढ्यापुरत्या आपापल्या सोरोरिटीपासून लांब राहून तुमचा ग्रुप सांभाळतात, त्या स्वतः स्नीकरमध्ये असतात. पहिल्याच दिवशी तुझ्या काउन्सिलरला पायाचं सांग, लाजू नको. आमच्या ग्रुपमध्ये एकीचा घोटा मुरगळला होता, तर तिला प्रत्येक घरात गेल्या गेल्या खुर्ची मिळायची आणि उलट सगळ्या तिच्याशी जास्त बोलल्या.

कपडे पहिल्या दिवशी साधे असतात, फिलान्थ्रॉपी म्हणजे समाजकार्याच्या राउंडला कित्येक कॅम्पसवर सगळ्यांना एकच टी-शर्ट देतात आणि त्यावर पांढरे स्नीकर चक्क चालतात. सिस्टरहुड राउंडला सनड्रेस. खरे ड्रेसी शूज लागतात ते शेवटच्या प्रेफरन्स राउंडला, आणि त्या दिवशी जास्तीत जास्त दोन घरं, कुठे तीन, आणि बसायला मिळतं. बिड डेला, म्हणजे सोरोरिटीचं निमंत्रण (बिड) मिळतं त्या दिवशी, तर धावायचं असतं गं, कार्ड उघडलं की सगळ्या आपापल्या घराकडे पळत सुटतात, तेव्हा स्नीकरच.

2021 पासून ते टिकटॉकवर अलाबामाच्या मुलींचे आउटफिटचे व्हिडिओ आले ना, तेव्हापासून प्रत्येकीला वाटतं रोज हीलच घालायला लागतात. हील हा नियम नाहीये कुठे. टापटीप दिसलं पाहिजे एवढंच.

सरळ_बोलतो

पाय दुखतात तर जाऊ नका. पैसे देऊन मैत्रिणी कशाला करायच्या ते कळत नाही.

वाघोडिया_टू_टेनेसी

@सरळ_बोलतो तिने शूज विचारलेत.

फिजिओताई_अलकापुरी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, 15 वर्षं प्रॅक्टिस, अलकापुरीत. बघितल्याशिवाय ट्रीटमेंट सांगत नाही पण शूजबद्दल नक्की सांगू शकते कारण माझ्याकडे नवरात्रानंतर पंधरा दिवस फक्त टाचाच येतात.

आधी आईंना सांग, कोल्हापुरी नको. माझ्या स्वतःकडे दोन जोड आहेत आणि मला प्रचंड आवडतात पण तुझ्यासाठी नाही. कोल्हापुरी म्हणजे कडक सपाट चामडं, टाचेखाली गादी नाही, कमानीला आधार नाही, मागून पट्टा नाही, म्हणून चालताना बोटांनी धरून ठेवावी लागते. ते बोटांनी आवळणं तुझ्या तळव्याच्या त्याच पट्ट्याला ताण देतं जो आधीच सुजलाय. तो पट्टा टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जातो, रात्री झोपेत आखडतो, सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो म्हणून तुझी ती दहा पावलं. बॅलेरिना फ्लॅटचंही हेच, दिसतात गोंडस, आत पुठ्ठा असतो.

आता गंमत अशी की तुझे दोन त्रास एकमेकांच्या विरुद्ध आहेत. टाचदुखीला थोडी हील बरी पडते, साधारण एक ते दीड इंच, कारण पोटरीचा ताण कमी होतो. पण हील जितकी वाढेल तितकं वजन चवड्यावर सरकतं आणि पाय पुढे घसरून अंगठ्याचं हाड शूजच्या भिंतीवर दाबलं जातं. म्हणून दीड इंचाच्या वर जाऊ नको, आणि वर पट्टा हवाच, घोट्याला किंवा पायाच्या वरच्या बाजूला, म्हणजे पाय मागे धरून ठेवला जाईल. प्लॅटफॉर्मवाले घेतलेस तर हील मोजताना पुढची जाडी वजा कर, मागे अडीच इंच आणि पुढे एक इंच म्हणजे पायाला दीडच. फक्त खूप उंच प्लॅटफॉर्म नको, फ्लॅट फूटवाल्यांचा घोटा आत कलतो, मुरगळायला वेळ लागत नाही.

दुकानात तीन गोष्टी करायच्या, दुकानदार बघत राहिला तरी. शूज दोन्ही हातात धरून धुणं पिळतो तसा पिळायचा, पिळला गेला तर परत ठेवायचा. मग टोक आणि टाच धरून वाकवायचा, बोटांपाशीच वाकला पाहिजे, मधोमध घडी पडली तर तो शूज नाही स्लीपर आहे. आणि टाचेच्या मागची भिंत अंगठ्याने दाबायची, ती टणक हवी. तू लिहिलंस अंगठा रुतेल इतका मऊ फोम, तो मऊपणा दुकानातल्या पाच मिनिटांसाठी असतो, अर्ध्या तासात दबून बसतो. तुला मऊ नको, आधार हवा.

त्याहून महत्त्वाचं, आतला तळ काढता येतो का बघ. काढता येत असेल तर तिथे तुझा कमानीचा इनसोल बसवता येतो. पूर्ण लांबीचा बसत नसेल तर तीन चतुर्थांश लांबीचा मिळतो, तो टाचेपासून चवड्याच्या मागेपर्यंतच असतो, ड्रेसी शूजमध्ये तोच बसतो, बोटांची जागा खात नाही. मेडिकल स्टोअरमध्ये सिलिकॉनचे हील कप मिळतात ते टाचेला ठीक आहेत पण फ्लॅट फूटला पुरत नाहीत, नुसती टाच उचलली जाते आणि कमान तशीच खाली.

खरेदी संध्याकाळी कर, पाय दिवसभरात फुगतात. विमानातून उतरल्या दिवशी तर अजिबात मापं घेऊ नको. कागदावर उभी राहून दोन्ही पायांची आउटलाइन काढ, कापून घे, शूजच्या तळाशी लावून बघ, कागद बाहेर डोकावत असेल तर तो शूज घालून बघायचीही गरज नाही. मोठ्या पायाचं माप घ्यायचं आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवायची.

आणि आजपासून रोज सकाळी पलंगावरून खाली उतरायच्या आधी, आधी म्हणजे आधी, पाय गुडघ्यावर घेऊन बोटं हाताने मागे ओढ, 10 सेकंद, दहा वेळा. तळवा दोरीसारखा ताणलेला लागला पाहिजे दुसऱ्या हाताला. मग एमसीआरमध्येच पाय टाकायचा, गार लादीवर नाही. पोटरीचे स्ट्रेच दिवसातून दोनदा. पाण्याची छोटी बाटली फ्रीझरमध्ये ठेवून संध्याकाळी पायाखाली फिरव. मुंग्या येत असतील, बधिर होत असेल किंवा सूज असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरला दाखव.

राजमहाल_रोडवाली

फिजिओताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त अंगठ्याच्या हाडाचं सांगते कारण माझं दोन्ही पायांना आहे आणि मी शाळेत शिकवते, दिवसाला सहा तास उभी.

खरं चामडं किंवा स्वेड घे, रेक्झिन आणि ते चकचकीत पेटंट बिलकुल नाही, ते ताणलं जात नाही. हाडाच्या बरोब्बर वर शिवण किंवा पट्ट्याची कड येता कामा नये. आणि मग मोचीकडे जायचं. मी रावपुऱ्यात एका म्हाताऱ्या काकांकडे जाते, पायाला हात न लावता नुसतं बघून म्हणाले, बेन, तमारो पग पहोळो छे, जोडो नहीं (पाय रुंद आहे तुमचा, जोडा नाही). त्यांनी लाकडी फर्म्यावर त्या एकाच जागी चामड्याचा गोळा बांधला, शूज आतून ओला केला आणि दोन रात्री तसाच ठेवला. बाहेरून काही कळत नाही, आत हाडापुरती वाटी झालेली. 80 रुपये घेतले. तुझे ते 40 मिनिटवाले फेकू नकोस, चामड्याचे असतील तर घेऊन जा.

अमेरिकेत घेणार असशील तर तिकडे रुंदीचं वेगळं माप असतं, बायकांमध्ये बी म्हणजे नॉर्मल आणि डी म्हणजे वाइड. माझी बहीण न्यू जर्सीत आहे, तिच्याकडून नॅचरलायझरचे वाइड मागवते मी. व्हायोनिकच्या सँडलमध्ये कमानीचा आधार आतच असतो, इनसोल घालायचं झंझटच नाही. लोक एक नंबर मोठा घेतात आणि म्हणतात आता रुंद झाला, तो लांब झालेला असतो, पाय आत पुढे-मागे घसरतो आणि फोड येतात.

सपाटपाय_बडोदा

अरे बापरे किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मी आईला वाचून दाखवलं, कोल्हापुरीचा विषय मिटला. @फिजिओताई ते धुणं पिळायचं केलं मी काल दुकानात, पाच जोड पिळले, पाचवा पिळताना तो मुलगा म्हणाला दीदी खरीदना है या धोना है.

घेतलेले ब्लॉक हील रेक्झिनचे निघाले, चिमटीत धरून बघितलं तर आतली कड कापडासारखी उसवलेली. म्हणजे मोचीकाका बाद. ते मामेबहिणीला दिले, तिचे पाय नॉर्मल आहेत, नशीबवान.

काल संध्याकाळी सात वाजता कागदी पाय पर्समध्ये घेऊन आईबरोबर निघाले, तीन दुकानं फिरलो. शेवटी काळ्या चामड्याचे मेरी जेन मिळाले, वरून एक पट्टा, बकल, हील मोजली तर चार सेंटीमीटरला जरा कमी, पुढून गोल. आतला तळ निघतो! मी तो उचकटून बघत होते तेव्हा आई म्हणाली मोडशील, पण निघाला. किंमत 4200. उजव्या पायाचा कागद हाडापाशी दोन-तीन मिलिमीटर बाहेर येतो तेवढं रावपुऱ्यात ताणून घेणार. राजमहाल रोडताई, ते काका नक्की कुठे बसतात ते मेसेज करा ना प्लीज. हे प्रेफरन्सला. मधल्या दिवसांसाठी वेजची सँडल तिकडे गेल्यावर बघते, परत करता येतात म्हणून.

एक शंका, काळे शूज फिक्या ड्रेसवर उन्हाळ्यात जड दिसतील का?

वाघोडिया_टू_टेनेसी

प्रेफरन्सला बऱ्याच जणी गडद ड्रेस घालतात, अगदी शोभतील. आणि आजपासून घरात मोजे घालून रोज घाल, पहिल्या दिवशी अर्धा तास मग वाढवत जा. तिकडे सँडल आल्यावर फक्त कार्पेटवर चालून बघ, तळाला माती लागली की परत घेत नाहीत. दोऱ्याच्या सोलचे एस्पाड्रिल घेऊ नको गं, साउथमध्ये ऑगस्टला दुपारी धो धो पाऊस येतो, ज्यूट पाणी पिऊन फुगतं आणि दोन दिवस वाळत नाही, कुबट वास मारतो ते वेगळंच.

फिजिओताई_अलकापुरी

छान निवड. इनसोल घालूनच शूज ताणायला दे, नुसता शूज देऊ नको. इनसोलने पाय वर उचलला जातो आणि हाडाची जागा बदलते. ताणून आणल्यावर इनसोल घातला आणि वाटी चुकीच्या जागी, असं माझ्या दोन पेशंटचं झालंय.

सपाटपाय_बडोदा

महिन्याने अपडेट देतेय, सॉरी, क्लासेस सुरू झाले.

मोचीकाकांकडे शूज इनसोल घालूनच नेला होता. त्यांनी पाय स्टुलावर ठेवायला सांगितला, चामड्यावर हाडाच्या जागी खडूने छोटा गोल काढला आणि मला म्हणाले, बेटा, दोन दिवसांनी ये. 100 घेतले माझ्याकडून, भाव वाढला. तो खडूचा गोल अजून अर्धवट दिसतो आतल्या बाजूला, मी पुसला नाही.

पहिला दिवस वाईट गेला, खरं सांगते. सँडल तेव्हा आलीच नव्हती, पार्सल अडकलं, म्हणून अकराच्या अकरा घरी पांढऱ्या स्नीकरमध्ये गेले, आत इनसोल. वरून फुलाफुलांचा ड्रेस. पहिल्या दोन घरात सारखं खाली बघत होते, तिसऱ्या घरी जी मुलगी माझ्याशी बोलत होती तिने एकदम हळू आवाजात विचारलं की आत इनसोल आहे का, तिलाही फ्लॅट फूट, ती पडद्याआड अनवाणी उभी राहून आली होती म्हणे. आम्ही वीस मिनिटं टाचा या विषयावर बोललो. रूममेटने तीन इंचाच्या हील घातल्या होत्या, दुपारी तिला माझ्या बॅगेतले चार बँड-एड गेले.

मेरी जेन प्रेफरन्सला घातले, दोन घरं, साडेतीन तास, हाड लाल झालं नाही. टाच दुसऱ्या दिवशी सकाळी दुखली पण दहा पावलं नाही, तीन-चार. बिड मिळाली, त्याच तिसऱ्या घराची. धावताना स्नीकरच होते.

निवृत्त_मकरपुरा

अभिनंदन बेटा. आता ते तीन चतुर्थांश लांबीचं इनसोल म्हणता ते बडोद्यात कुठे मिळेल कुणी सांगेल का, आमच्या हिची टाच गेली दोन वर्षं दुखते आणि ती देवळात जाताना ती एमसीआर घालत नाही, लाज वाटते म्हणते. पाय 5 नंबर आहे. हाडाचं काही नाही, फक्त टाच.

फिजिओताई_अलकापुरी

काका, काकूंना एकदा घेऊन या, आधी बघते. येताना त्यांची देवळात जायची चप्पल पण आणा.